अर्धं राहिलेलं तास

मी आणि बायको ओसरीवर पेरणीचे वाल निवडत होतो. गुळाच्या पुडीचा कागद ती मोठ्यानं वाचत होती. जुन्या रोममधल्या एका पुढाऱ्याला म्हणे नांगरावरून बोलावून सेनापती केला, सगळं राज्य हाती दिलं. त्यानं बायकोकडं अंगरखा मागितला, जाऊन लढाई जिंकली, आणि राज्य सोडून परत नांगर धरला.

"एवढा सेनापती, अन् अंगरखा सापडंना होय? तुमच्यातलाच दिसतोय!" ती हसली.

त्याच आठवड्यात ती गेली.

राज्य काय, कंटाळा आला की सोडता येतं. घरी येऊन नांगराचं अर्धं राहिलेलं तास पुन्हा धरायला छाती लागते.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सदरा माझा मीच शोधला, आणि तिनं निवडलेले वाल पेरले.