दिव्यामागचा उंचवटा

महेशचा फोन आला तेव्हा मी शेडमध्ये ट्रॅक्टर पुसत होते. हे दवाखान्यातून आले की आधी तिकडेच जाणार, म्हणून. "आई, बाबा गेले," एवढंच तो बोलला... फडकं माझ्या हातातच राहिलं. त्याला आता सहा आठवडे झाले.

यांनी मिरजेत जन्मभर गॅरेजमध्ये गाड्या रंगवल्या. मुलानं ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगच्या बाहेर घर घेतलं आणि आम्हाला बोलावून घेतलं, तेव्हा आधीच्या मालकाचा जुना ट्रॅक्टर मागच्या शेडमध्ये पडलेला होता. समुद्राच्या वाऱ्यानं पत्रा गंजलेला, लाल रंगाचे पोपडे निघालेले. महेश म्हणाला, "स्क्रॅपला देऊन टाकू." हे म्हणाले, "आधी मला दे, मग बघ." पण साखरेच्या आजारानं यांच्या बोटांची जाण गेली होती. पत्र्याच्या खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती सुकली की पॉलिशपेपरनं घासायची, आणि सपाट झाली का ते तळहातानं बघायचं. डोळ्यांना दिसतं ते रंग चढल्यावर, तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून हे मला हाक मारायचे. "डोळे मीट आणि हात फिरव. भाकरीवर फिरवतेस तसा, हलका." मी म्हणायची, "इथं टेकाड आहे." "टेकाड म्हणे! डोंगरच सांग की," असं म्हणून हसायचे, आणि पुन्हा घासायला बसायचे. असे चार महिने गेले.

शेवटी बॉनेट राहिलं. डाव्या दिव्यामागं माझ्या हाताला बारीक उंचवटा लागला. डोळे उघडले तर यांना धाप लागलेली, ओठ पांढरे. मी म्हटलं, "झालं सपाट." दुसऱ्या दिवशी यांनी रंग मारला.

दवाखान्यात शेवटच्या संध्याकाळी म्हणाले, "दिव्यामागं उंचवटा राहिला गं. ऊन पडलं तेव्हा दिसला." मी खाली बघितलं. "तुझा हात दमला असणार. फार राबवलं तुला..." मला तो लागला होता, मी मुद्दाम बोलले नाही, एवढंच सांगायचं होतं. पण शेजारच्या खाटेजवळ माणसं होती, तेवढ्यात नर्स आली... म्हटलं, उद्या सांगू.

महेश म्हणतो, "आई, माणूस बोलावून तेवढं नीट करून घेऊ." मी नको म्हणते. सकाळी चहा झाला की शेडमध्ये जाते, डोळे मिटून बॉनेटवर हात फिरवते. दिव्यामागं हात थांबतो. तिथं कुणी नसतं, तरी हळूच सांगते, "लागला होता हो मला. तुम्ही दमला होतात."