मारुती बाहेर थांबला

सोनोग्राफीत गाठ दिसली नाही, तेव्हा मी सानगडीच्या बाजारातून पेढे आणून मारुतीपुढे ठेवले आणि आजार संपला असं जाहीर करून टाकलं. रक्ततपासणीत मात्र प्रोस्टेटचा आकडा चढलेलाच होता. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "सोनोग्राफी म्हणजे बांधावरून धान बघणं. ग्रंथी वाढली, एवढं कळलं. कीड लागली का, ते बांधीत उतरून बघावं लागेल. एमआरआय करा." मला रागच आला. देवानं दिलेल्या निकालावर हे अपील कशाला! खरं तर मी घाबरलो होतो. बायको म्हणाली, "पेढे खाऊन झाले ना जी? चला आता."

एमआरआयच्या दाराशी नवं संकट उभं राहिलं. आत धातू चालत नाही, गळ्यातलं काढा म्हणाले. माझ्या गळ्यात आईनं बांधलेला चांदीचा मारुती. आंघोळीलाही मी तो कधी काढला नव्हता. आजच, त्याची खरी गरज असताना, काढू? बायकोनं हात पुढे केला, पण घरच्या माणसाचं ऐकलं तर आमचं नाव कसलं! "राहू द्या तुमचा फोटो," म्हणत मी चपला शोधू लागलो.

बाकावर एक म्हातारी बसली होती, तुमसरकडच्या बपेऱ्याची. तिच्या नवऱ्याची तपासणी आटोपली होती आणि दोघं निघायच्या बेतात होती. ती म्हणाली, "भाऊ, मारुती का मशीनले भेते? तुमीच भेऊन राहिले. आना इकडं, मी धरून बसतो." अगदी वर्मावर बोट! मी मारुती काढून तिच्या हातावर ठेवला.

आत ते यंत्र धानाच्या गिरणीसारखं धडधडत होतं. हात गळ्याकडे न्यावासा वाटला, पण हलायचं नव्हतं आणि गळाही रिकामा. मनात म्हटलं, बाबा, तू दाखवशील ते बघतो. त्यानंतर, काय सांगू, इतकं हलकं वाटलं की मला चक्क डुलकी लागली.

बाहेर आलो तर म्हातारी तशीच बसलेली, मूठ घट्ट. नवरा दारात कुरकुरत होता, त्यांची बस निघून गेली होती. मी ओशाळलो. ती हसली, "दुसरी येते जी. देव हातात घेऊन कशी पळू?"

एमआरआयनं कडेचा बारीक डाग दाखवला. तपासायला तुकडा काढण्यासाठी सुई नेमकी तिथेच घातली आणि कॅन्सर निघाला. मग कीड शिवारभर, म्हणजे हाडांत वगैरे, पसरली का हे बघायला पेट स्कॅन झाला. बाहेर कुठेच काही नव्हतं. उपचार झाले, आज मी ठणठणीत आहे.

त्या पेट स्कॅनच्या वेळी मी म्हातारीला सगळीकडे शोधलं. ती कुठली दिसायला! मग स्वतःच मारुती काढून बायकोच्या हातावर ठेवला. ती म्हणाली, "आता आला भरवसा?" मला रडू आलं आणि हसूही. देवानं माझ्याबरोबर आत यावं म्हणून मी अडून बसलो होतो, आणि तो बाहेर माझी वाट बघत बसला होता. बपेऱ्याच्या त्या माउलीला माझा रोजचा नमस्कार पोचतो, अशी माझी श्रद्धा आहे.