दहा पायल्यांचा कुडो

वैनगंगेला पवनीवरून पुढे जायचं असेल तर आमच्या भाऊजींना आधी वेग सांगावा लागे, आणि सांगितलेला वेग खोटा निघाला तर नदीने मागे फिरून पुन्हा यावं, अशी त्यांची अपेक्षा असे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव कोंढा, घरी धानाची शेती, आणि नोकरी भंडाऱ्याजवळच्या एका कारखान्यातल्या संगणकाच्या खोलीत. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तो संगणक चार गोदरेज कपाटांएवढा होता आणि त्याला थंड हवा लागे, म्हणून मोठ्या साहेबांच्या आधी एअरकंडिशनर त्याला मिळाला होता. भाऊजी त्या खोलीत उन्हाळ्यातही घोंगडी पांघरून बसत.

जगातली कुठलीही गोष्ट कुठून कुठे किती वेगाने जाते, एवढा एकच प्रश्न त्यांना पडे. बपेऱ्याच्या आत्याचं कार्ड तीन दिवसांनी आलं की आम्ही मजकूर वाचायचो, भाऊजी अक्षरं मोजायचे. "अकरा मिनिटाले एक अक्षर पडून राहिलं," ते सांगत, "अन् त्यातलं अर्धं 'सर्व कुशल'." ताईचा बोलण्याचा वेगही त्यांनी काढून ठेवला होता. एरवी सेकंदाला तीनशे, माहेरचा विषय निघाला की बाराशे, आणि त्यापुढे आपलं यंत्र घेत नाही, असं ते पाहुण्यांसमोर बोलत. ताई मग बाराशेच्या वर जाई.

संगणकाच्या टेपच्या एका इंचात किती अक्षरं मावतात आणि सेकंदाला किती इंच टेप सरकते एवढं कानावर पडलं, की ते डोळे मिटत, उजव्या हाताने हवेतच धान ओतल्यासारखं करत आणि आकडा सांगून मोकळे होत. कागद नाही, पेन्सिल नाही. सगळा हिशेब आमच्या गावच्या मापात: आठ पायल्यांचा कुडो, वीस कुडोंची खंडी. संगणकात आठ बिटांचं, म्हणजे आठ बारीक दाण्यांचं, एक अक्षर होतं हे कळलं तेव्हा ते नाचायचेच बाकी राहिले होते. संगणक आपल्याच खळ्यावर जन्मला, हे त्यांचं मत तेव्हापासून पक्कं झालं.

मी त्याच कारखान्यात रोजंदारीवर होतो. हजेरी पुरेशी भरेल त्याला कायम करायचं, असा हुकूम आला. पण हजेरीची रजिस्टरं उधईने खाल्लेली. आमचे सगळे दिवस उरले होते फक्त त्या जुन्या यंत्राच्या टेपवर. आणि यंत्र तर भंगारात विकलेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला ट्रक येणार होता. टेपवरची हजेरी तारेतून टेबलावरच्या नव्या यंत्रात घेऊन फ्लॉप्यांवर उतरवायला नागपूरचा एक तरुण इंजिनिअर आला होता. त्याने तार जोडून पाहिली आणि मोठ्या साहेबांना सांगितलं की तारेचा वेग सेकंदाला बाराशे, अक्षरं छत्तीस लाख, म्हणजे काम पन्नास मिनिटांचं. उद्या जेवून सुरू करू.

माझा जीव भांड्यात पडला. भाऊजींनी तो तिथून उचलला.

"साहेब, बाराशे काय? पायल्या का कुडो?"

साहेब हसले. इंजिनिअरने पुस्तक उघडलं आणि त्याचा चेहरा पडला. बाराशे बिट होते, अक्षरं नव्हती. त्याने आठाने भागलं. सहा तास चाळीस मिनिटं. मग दहाला सुरू करू, तो म्हणाला. भाऊजींचे डोळे तोवर मिटलेले, हात हवेत धान ओतत होता.

"आठानं नाही, दहानं भागा," ते म्हणाले. "खळ्यावर घरात येते आठ पायल्यांचा कुडो, पण मोजणारा मोजते दहा. एक सुताराच्या बलुत्याची, एक लोहाराच्या. ह्या तारेतबी हर अक्षरामागं दोन बिट जास्तीचे, एक 'आलो' म्हणाले, एक 'गेलो' म्हणाले. आठ तास वीस मिनिटं लागतीन. साडेआठले सुरू करा, नाही त माह्या साळ्याची हजेरी भंगारात जाते."

कारखान्याचं ऑफिस नऊच्या आत उघडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. साहेबांनी विचारलं, गणित चुकलं तर?

"त मलेबी ट्रकमंदी टाका."

सकाळी साडेआठला सुरू झालं. आमच्याकडे धान मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. भाऊजींनी पहिल्या फ्लॉपीवर पेनाने 'लाभ' लिहिलं, मग दोन, तीन. मी काचेबाहेर उभा. माझी सहा वर्षं त्या तारेतून ठिपक्याठिपक्याने सरकत होती आणि मी पाणी प्यायलाही हललो नाही. दहावी फ्लॉपी बाहेर आली आणि फाटकावर ट्रकचा हॉर्न वाजला. वरची दहा मिनिटं फ्लॉप्या बदलण्यात गेली होती. तीही त्यांनी हिशेबात धरली होती. इंजिनिअरने चष्मा काढून पुसला, परत घातला आणि तेव्हापासून त्यांना 'काका' म्हणू लागला. साहेबांचं घड्याळ मात्र दोन मिनिटं पुढे होतं. भाऊजींनी ते लावून दिलं.

मी कायम झालो, आणि त्याच नोकरीतून निवृत्तही झालो. भाऊजी गेले त्याला बरीच वर्षं झाली. कारखान्याने फ्लॉप्या टाकून दिल्या तेव्हा पहिली मी मागून आणली. माझं नाव तिच्यातच आहे. ती वाचणारं यंत्र आता मिळत नाही. ताई आली की ती फ्लॉपी हातात घेते, चष्मा लावते आणि वरचं 'लाभ' वाचते. त्या दोन अक्षरांना तिला किती वेळ लागतो, हे मी मोजत नाही.