परातीचं मडगार्ड

कोणतीही वस्तू हातात आली की मिस्त्रीजी ती आधी तळहातावर दोनदा झुलवून बघत. लोटा असो, नारळ असो, नाहीतर शेजारच्या बारशाचं बाळ. मग मान हलवून म्हणत, "माल अच्छा आहे. पण थोडा जास्त आहे, जी." बाळाच्या बाबतीत फक्त "भरू द्या अजून" म्हणत.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल, ज्याच्या बोटांना डोळ्यांपेक्षा जास्त कळतं. मिस्त्रीजी जबलपूरजवळ खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत टर्नर होते, मी तिथेच स्टोअरमध्ये क्लार्क. क्वार्टर शेजारी-शेजारी. घराणं वर्ध्याकडचं, पण दोन पिढ्या जबलपुरात गेलेल्या. त्यामुळे मराठी बोलता बोलता ते हिंदीत शिरत आणि त्याचा त्यांना पत्ताही नसे. दुसऱ्या वस्तूंचं वजन काढणारे मिस्त्रीजी स्वतः मात्र चांगले थोराड होते. वहिनी त्यांच्या खांद्याला लागत. वहिनी फॅक्टरीच्या वसाहतीतल्या, म्हणजे इस्टेटच्या, दवाखान्यात नर्स. आसपासच्या खेड्यांत बाळंतपण अडलं की लोक त्यांनाच बोलवायला येत.

मिस्त्रीजींकडे एक जुनी काळी बुलेट होती. म्हशीसारखी जड. दोन्ही बाजूंना लोखंडी पेट्या, मागे लोखंडी कॅरियर, पुढे लोखंडी गार्ड. वहिनींना खेड्यावर जायचं असलं की मिस्त्रीजी त्यांना मागे बसवून पोचवत आणि काम होईपर्यंत बाहेर झाडाखाली बसून राहत.

एकाहत्तर साली लढाईची चिन्हं दिसू लागली आणि फॅक्टरीत बारा-बारा तासांच्या पाळ्या सुरू झाल्या. रजा बंद. त्याच दिवसांत एकदा सकाळी टेकडीपलीकडच्या खेड्यातून वहिनींना बोलावणं आलं. मिस्त्रीजी मशीनवर, दवाखान्याची गाडी दुसरीकडे गेलेली. वहिनी सायकलनं निघाल्या, पण त्या खडकाळ चढावर सायकल हातात धरूनच न्यावी लागली.

संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. मिस्त्रीजी डबा ठेवून वहाणा काढत होते. वहिनी म्हणाल्या, "पोचेपर्यंत लेकरू गेलं होतं. आई वाचली."

मिस्त्रीजी एक वहाण हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "अर्धा घंटा आधी पोचली असती तर?"

वहिनींनी आत जाऊन चहा टाकला.

पुढच्या रविवारी बघतो तर अंगणात पोती पसरलेली आणि त्यांवर बुलेटचे सगळे अवयव मांडलेले.

"हे काय मिस्त्रीजी?"

"हलकी करून राहिलो, बाबू. हिच्या हाताजोगी."

वहिनी दारातूनच म्हणाल्या, "मी नाही बसणार, आधीच सांगते. लोक हसतील."

"हसू दे न. हसाले थांबले म्हणजे रस्ता तरी सोडतीन."

त्यानंतर सुटी मिळेल तेव्हा हेच काम. पेट्या गेल्या, कॅरियर गेलं, गार्ड गेलं. जाड पत्र्याची मोठी टाकी जाऊन कुठल्याशा मोडीतली छोटी टाकी आली. सीट चार बोटं खाली उतरली, कारण वहिनींचे पाय जमिनीला टेकायला हवे होते. किक मारायला अंगात वजन लागतं, ते वहिनींकडे नव्हतं. म्हणून मिस्त्रीजींनी किकचा दांडा लांब करून घेतला. "लंबा दांडा, कमी जोर," म्हणाले. "विहिरीच्या रहाटाले विचारा."

मडगार्डसाठी ॲल्युमिनियमचा पत्रा हवा होता. फॅक्टरीतला एकजण हळूच म्हणाला, "मिस्त्रीजी, मशीन शॉपमध्ये तुकडे पडलेले असतात. डब्यात घालून आणून देतो."

मिस्त्रीजी कधी रागावत नसत. त्या दिवशी रागावले. "तो माल सरहद्दीवरच्या पोरांसाठी आहे. माझ्या घरच्या गाडीले नाही."

आठवड्यानं वहिनी माझ्या बायकोला विचारत आल्या, "आमची मोठी ॲल्युमिनियमची परात तुमच्याकडे तर नाही आली?" परात शहरात घमापूर भागातल्या एका भांडीवाल्याकडे पोचली होती आणि तिथे ठोकून ठोकून तिचं मडगार्ड झालं होतं. वहिनींनी ते ओळखलं. काठावर त्यांचं नाव कोरलेलं होतं आणि मिस्त्रीजींनी ते मुद्दाम राहू दिलं होतं.

"आता कणीक कशात भिजवू?"

"पातेल्यात भिजव. चार दिवस."

काढलेलं सगळं लोखंड त्यांनी पोत्यात भरलं आणि मला बरोबर घेऊन घमापुरातल्या धान्यवाल्याच्या काट्यावर चढवलं. धान्यवाला म्हणाला, "ये कौन-सी दाल है, मिस्त्रीजी?"

"लोहे की है भैया, गलेगी नहीं."

काटा चाळीस किलोंच्या पुढे गेला. मिस्त्रीजींनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, जणू पोरगा पहिला आला.

शिकवणी इस्टेटच्या मैदानावर झाली. सुटीच्या दिवशी दुपारी दोनची वेळ, थंडीचे दिवस, बघायला अर्धी कॉलनी हजर. वहिनींनी पदर खोचला. सायकल येत असल्यामुळे तोल होता, पण वळणावर घाबरल्या आणि गाडीसकट आडव्या झाल्या. मी धावलो. मिस्त्रीजींनी माझा दंड धरला.

"लागलं का?" त्यांनी लांबूनच ओरडून विचारलं.

"नाही."

"मग उचल."

"अहो मिस्त्रीजी, तुम्ही तरी…" मी म्हणालो.

"थांबा, बाबू. तिकडे रस्त्यात मी राहीन का? तुम्ही राहाल? ती उचलते का, एवढंच पाहाचं आहे."

लोक हसायचे थांबले. वहिनींनी एकदा जोर लावला. गाडी थोडी उठली आणि परत पडली. त्यांनी हात पुसले, गाडीकडे पाठ केली, वाकून हँडल आणि सीट धरली आणि पायांच्या जोरावर मागे रेटत ती उभी केली. मग आमच्याकडे बघितलं. चेहरा धुळीनं माखलेला. मिस्त्रीजींची माझ्या दंडावरची पकड सुटली आणि एवढा थोराड माणूस मैदानात मांडी घालून खाली बसला. डोळे पुसत म्हणाला, "चलो. झालं."

लढाई सुरू झाली आणि पंधरवड्यात संपलीही. त्याच पंधरवड्यात टेकडीपलीकडून पुन्हा बोलावणं आलं. मी कामावर निघालो होतो. परातीचं मडगार्ड उन्हात चमकवत वहिनी माझ्या समोरून गेल्या. दुपारपर्यंत मुलगी झाल्याचा निरोप आला. मी तो शॉपमध्ये जाऊन मिस्त्रीजींना सांगितला. त्यांनी मशीन थांबवली नाही. मान तेवढी हलवली. पण त्या दिवशी घरी जाताना पूर्ण वाट गुणगुणत होते.

त्या गाडीवर वहिनींच्या मागे ते स्वतः कधी बसले नाहीत. बसणार कुठे? वजन कमी करण्याच्या नादात त्यांनी मागची सीटच नव्हे, तिच्याखालचा सांगाडाही कापून टाकला होता. वहिनींना ते आवडलं नव्हतं. "तुमची जागा कुठे ठेवली?" त्यांनी विचारलं होतं. "माझ्याएवढं वजन दुसऱ्या कशात कमी होणार होतं, सांग," असं त्यांचं उत्तर.

पुढे माझी बदली झाली. मिस्त्रीजी गेल्याचं वहिनींच्या पत्रातून कळलं. माझ्या मनात राहिली आहे ती बदलीआधीच्या एका रविवारची सकाळ. दोघं देवदर्शनाला निघालेले, शहरात कांचघर भागाकडे. वहिनी मोटारसायकलवर, पहिल्या गिअरमध्ये, जेमतेम पडणार नाही इतक्या हळू. शेजारी सायकलवर मिस्त्रीजी, धापा टाकत पायडल मारणारे. इंजिनाच्या आवाजात काहीतरी ओरडून सांगत होते आणि वहिनी रस्त्याकडे नजर ठेवून हसत होत्या.