निळ्या कार्डावरचा सी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. आई आजारी होती तेव्हा शेवटचे दोन आठवडे तिच्या उशाशी बसून होतो – तिलाही नाही. तिला तर सांगायलाच हवं होतं, का ते पुढे येईल. भिवंडीत माझं नाव चांगलं आहे. रस्त्यात लोक थांबून नमस्कार करतात, जुने विद्यार्थी वाकून पाया पडतात, आणि हल्ली प्रत्येक वेळी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्यांच्यावर कसला राग काढणार? राग माझाच आहे, माझ्यावरच आहे.

मी मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी शिकवायचो. कॉलेज हायवेला लागून, पडघ्याकडे जाताना. त्याचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलं की तुम्ही कॉलेजला शिव्या द्याल आणि मी मधल्यामधे सुटेन. दोन हजार तीन-चारचा सुमार. बहुतेक जागा सीईटीच्या गुणांवर ठरायच्या, त्यात आमचा काही हात नसायचा. आणि हेच आमच्या डीनना सलायचं. परीक्षेतले गोल काळे करून कुणी डॉक्टर होतो का, असं ते म्हणायचे. खरा डॉक्टर ओळखायला नजर लागते.

म्हणून त्यांनी एक पद्धत पाडली होती. प्रवेशाच्या दिवशी कागदपत्रं तपासून झाली की प्रत्येक मुलाला डीन आणि आम्हा तिघा शिक्षकांसमोर पाच मिनिटं बसवायचं. नुसत्या गप्पा. प्रवेश तर झालेलाच असायचा. मूल बाहेर गेलं की आम्हा तिघांपैकी प्रत्येकाने एका निळ्या कार्डावर आपला अंदाज लिहायचा – ए म्हणजे उत्तम, बी म्हणजे ठीक, सी म्हणजे पहिल्याच वर्षी अडकणार. कार्डं पाकिटात, पाकीट डीनच्या कपाटात. वर्षाच्या शेवटी निकाल लागला की पाकिटं फोडायची, आणि ज्याचे अंदाज सर्वांत बरोबर त्याला स्टाफरूममध्ये टाळ्या.

पोरखेळ वाटतो ना? तीन शिकलेसवरलेले डॉक्टर, आणि धंदा पोपटवाल्या ज्योतिषाचा. पण मी लागोपाठ दोन वर्षं टाळ्या घेतल्या होत्या. डीन मला सगळ्यांसमोर 'नजरवाले डॉक्टर' म्हणायचे आणि मी नको नको म्हणत फुगायचो.

त्या वर्षी मनीषा आली. मानकोलीच्या पुढच्या एका गावातली आगरी मुलगी, वडील गोदामात मुकादम. केस चापूनचोपून बांधलेले, मांडीवर कागदांची प्लास्टिकची पिशवी, आणि ती दोन्ही हातांनी धरलेली. डीननी विचारलं, डॉक्टरच का व्हायचंय? आधीच्या सगळ्यांनी सेवा, समाज, लहानपणापासूनचं स्वप्न असलं पाठ केलेलं इंग्रजीत म्हणून दाखवलं होतं. ही म्हणाली, "आमचे गावान बाई डॉक्टर न्हाय, सर. बाया दुखनं आंगावर काढतान."

माझ्या शेजारच्या बाई हसल्या. डीन हसले. सर्वांत मोठ्याने मी हसलो.

का, ते सांगतो. मी त्याच भाषेत जन्मलो. माझं गाव तिच्या गावाला लागून. माझी आई मरेपर्यंत हाय-न्हायच बोलली. मी मुंबईला डॉक्टरकी शिकायला गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, 'न्हाय' म्हणालो होतो, आणि पुढे वर्षभर वर्गात मला तेच नाव पडलं होतं. ती भाषा मी घासून घासून काढली. नोकरीला लागलो तो ठाण्याचा म्हणून. राहायचो भिवंडीत, कामतघरला, पण सांगायचो ठाणे. हे कारण म्हणून सांगत नाही. ज्याला हसले त्याने दुसऱ्याला हसायचं नसतं, एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

कार्डावर मी सी लिहिला. खाली रेघही मारली.

त्याच दुपारी तिने मला व्हरांड्यात गाठलं. आजूबाजूला माणसं होती. हळू आवाजात, पण चेहरा उजळून म्हणाली, "सर, तुमी आमचे बाजूचे गावचे ना? माजी आय तुमचे आयला वलखते." मी म्हणालो, तुमचा गैरसमज झाला आहे, मी ठाण्याचा. तिने मान डोलावली. त्या दिवसापासून ती माझ्याशी शुद्ध, सावकाश, चाचपडत बोलू लागली. बिचारीला वाटलं असेल, सरांना हे आवडतं.

वर्ष सुरू झालं आणि माझी पंचाईत झाली. मुलगी हुशार निघाली. डिसेक्शन हॉलमध्ये पोरं पहिले दोन महिने चिमट्याने उगाच टोकरत बसतात. ही नस शोधायची तर बोटांनी वाट काढत, आजूबाजूचं काही न फाडता, थेट तिथवर पोचायची. असे हात मी फार थोडे पाहिलेत. ती इंग्रजीत अडखळायची, पण तिचे हात अडखळत नसत. दिवाळीनंतर डीन चहा पिताना म्हणाले, काय हो, तुमचा सी तर पुढे पळतोय. सगळे हसले. मीही हसलो, आणि तो चहा मला कडू लागला.

आता नियम सांगतो. विद्यापीठाच्या परीक्षेला बसायचं तर कॉलेजातल्या अंतर्गत परीक्षेत किमान गुण लागायचे – लेखीत वेगळे, प्रात्यक्षिक आणि व्हायवात वेगळे. तेवढे नसले की मूल आपल्या बॅचमधून मागे पडायचं. सहा महिन्यांनी पुन्हा अंतर्गत परीक्षा, पुन्हा तेच टेबल, तोच परीक्षक. मनीषाला लेखीत चांगले गुण होते. व्हायवात ती अडली. परीक्षक मी होतो.

परीक्षेला बसणाऱ्यांची यादी लागली त्याच्या दुसऱ्या रविवारी तिचे वडील माझ्या घरी आले. पत्ता त्यांना कुणी दिला असेल? अहो, पत्ता कशाला हवा, आमच्याकडे सगळ्यांना सगळ्यांची घरं ठाऊक असतात. हातात वालाच्या शेंगांची पिशवी. खुर्चीवर बसायला तयार नाहीत. म्हणाले, "पोरीचा काय चुकला आसंल तं सांगा, सर. ती घरान काय बोलत न्हाय."

भांडायला आले नव्हते ते. माफी मागायला आले होते – मुलीच्या वतीने, माझी.

मी त्यांना सांगितलं की वैद्यकीय शिक्षण सगळ्यांनाच झेपतं असं नाही. सांगितलं की आम्हाला प्रवेशाच्या दिवशीच तसं वाटलं होतं. हे बोलताना माझा आवाज छान स्थिर होता. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईने हाक मारली, "कोन आयलाय रं?"

ते चटकन वर बघून म्हणाले, "आय हाय वाटतं घरान."

आणि मी म्हणालो, नाही, स्वयंपाकाच्या बाई आहेत.

त्यांनी मान खाली घातली. शेंगांची पिशवी दाराशी ठेवली, चपला घातल्या आणि गेले. त्या संध्याकाळी आईने शेंगा सोलल्या, वालाची भाजी केली आणि मला वाढली. तिने माझं बोलणं ऐकलं होतं का? मी विचारलं नाही. त्यानंतर पाच वर्षं ती जगली, आणि घरात कुणी आलं की ती बाहेर येत नसे.

मनीषा सहा महिन्यांनी परीक्षेला आली नाही. नंतरही आली नाही. ऑफिसातून पत्रं गेली, मग हजेरीपटातलं तिचं नाव लाल शाईने खोडलं गेलं.

निकालानंतर पाकिटं फुटली. माझे अंदाज पुन्हा सर्वांत बरोबर. डीननी तिचं कार्ड उंच धरून रेघ दाखवली – बघा, रेघ मारून सांगितलं होतं यांनी! टाळ्या झाल्या. समोसे मागवले होते. मी दोन खाल्ले.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी पुरे होतं. पण पुढच्या वर्षी डीननी संस्थेच्या बैठकीत ती पाकिटं मांडली. सीईटीला जे दिसत नाही ते आमच्या शिक्षकांना पाच मिनिटांत दिसतं, पुरावा हा घ्या. ज्या जागा संस्थेच्या हातात होत्या त्यांच्या मुलाखतीच्या फॉर्मवर एक नवा रकाना आला – संभाषण आणि व्यक्तिमत्त्व. मी त्या मुलाखतींना बसलो. हाय-न्हायवाले, भिवंडीच्या मोहल्ल्यातले हिंदी मिसळून बोलणारे, वाड्याकडचे घाबरून गप्प बसणारे – सगळे त्या रकान्यात गळाले. आणि उमेदवार पुढे कसा निघेल हे कशावरून ओळखायचं, यावर नवीन शिक्षकांना मी व्याख्यान द्यायचो! कुणीही उठून म्हणालं नाही की अहो, ज्याने भाकीत केलं त्याच्याच हातात गुण कसे? एकानेही नाही. एवढे सगळे डॉक्टर, आणि ही साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. की आली होती, आणि समोसे गरम होते?

दोन हजार नऊला मी अंबाडीला एका लग्नाला गेलो होतो. ब्लडप्रेशरच्या गोळ्या घरी राहिल्या म्हणून नाक्यावरच्या मेडिकलमध्ये शिरलो. गल्ल्याशी मनीषा होती. दुकान नवऱ्याचं, हे नंतर लग्नघरी कळलं. तिच्यासमोर एक बाई पदर तोंडाशी धरून कुजबुजत काहीतरी सांगत होती, आणि मनीषा तिला म्हणत होती, "गोली न्हाय देनार मी. दवाखान्यान जा. आंगावर काढू नको."

मग तिने मला पाहिलं. सर, नमस्कार, म्हणाली. शुद्ध, सावकाश. मी लिहून दिलेली चिठ्ठी वाचली, गोळ्या काढल्या, सकाळी घ्यायच्या ना, एवढं विचारून घेतलं. मी हो म्हणालो. बोलायला तोंड उघडलं होतं, पण मागे गिऱ्हाईक होतं. खोटं. मागे कुणी नव्हतं.

व्हायवाबद्दल मी अजून सांगितलेलं नाही. इतकं सगळं लिहून झालं आणि तिथे आलो की हात आखडतो. बरं. सांगतो.

टेबलावर दंडाचं हाड होतं. पलीकडे मी, अलीकडे ती, तिसरं कुणी नाही. मी इंग्रजीत भरभर विचारत होतो, तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत पुढचा प्रश्न. हाडाच्या मागच्या खोबणीवर बोट ठेवून मी विचारलं, इथे हाड मोडलं आणि नस दुखावली तर काय होतं? घाईत ती म्हणाली, "मनगाट परतं, सर." आणि आपला हात पुढे करून मनगट खाली सोडून दाखवलं. मी म्हणालो, इंग्रजीत. ती म्हणाली, रिस्ट ड्रॉप. मग नसेचं नाव, तिचा उगम, तिची वाट, सगळं सांगितलं.

मी वीसपैकी पाच लिहिले. तिच्या डोळ्यांसमोर लिहिले. किमान किती लागतात हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी तिला नऊ प्रश्न विचारले होते. नऊही उत्तरं बरोबर होती.