तोच आकडा दुसऱ्यांदा

वैदेही आमच्याच कॉलेजची, माझ्यानंतरच्या वर्गातली. तिच्या घरी कपाटातलं एक पुस्तक सहज उघडलं, तर पहिल्या पानावर आमच्या कॉलेजातल्या सरांचं अक्षर: ‘अशी विद्यार्थिनी एकदाच मिळते.’

माझ्या पुस्तकावरही हेच वाक्य आहे. बारा वर्षं जपलंय मी ते.

“किती मनापासून लिहिलंय ना गं सरांनी?” वैदेही म्हणाली. मी हो म्हटलं.

इलिप्टिक कर्व्ह नावाच्या वक्ररेषेच्या गणितावर चालणारी डिजिटल सही मला सरांनीच शिकवली. ती करायची गुप्त किल्ली म्हणजे एक आकडाच, इवलासा, पण कितीही संगणक जुंपले तरी हाती लागत नाही. मात्र प्रत्येक सहीला नवा गुप्त आकडा घ्यावा लागतो. आळसाने तोच पुन्हा वापरला, तर दोन सह्या शेजारी ठेवून कुणालाही किल्ली काढता येते.

एकटं होतं तोवर तुमचं वाक्य किती खरं होतं, सर.