न संपणारी फेरी

भिलाईत आमच्या सेक्टर ६ मधल्या रीना खोब्रागडेला यंदा गणितात पीएचडी मिळाली. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तिच्यावर लिहायचं ठरलं, तेव्हा मी आधी तिच्याकडूनच विषय समजून घेतला. माझ्यासारख्या कॉमर्सवाल्याच्या डोक्यात शिरला तेवढा इथे देतो.

सायकलची ट्यूब फिरवली तरी दिसते तशीच राहते. अशा आकारांमध्ये कुठल्या प्रकारची भोकं आहेत, हे डोळ्यांनी न पाहता हिशेबाने ओळखण्याच्या रीतीला कोहोमोलॉजी म्हणतात. आकार सगळीकडे सारखा असेल, तर मोजमापांची सगळ्या फिरण्यांवर सरासरी काढायची. सरासरीने भोकांचा हिशेब बदलत नाही. मग अख्खा आकार तपासायला नको. एका जागी उभं राहून, फिरायला लागतानाच्या अगदी पहिल्या हालचाली पाहिल्या की पुरे. त्या हालचालींचं बीजगणित म्हणजे ली अल्जिब्रा. ली हे नॉर्वेच्या एका गणितज्ञाचं नाव.

रीनाचे वडील नरेशभाऊ स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्टीवर, ऑपरेटर. त्यांनाही तिने ट्यूब दाखवूनच समजावलं होतं.

"कावून बाई, भोक शोधायले इतकी वर्षं? आपला पंक्चरवाला तं पाण्याच्या एका बुडकीत सांगते."

"पप्पा, तो फुटलेलं शोधते. मी न फुटलेलं शोधून राहिली."

"त्याचे पैसे कोण देते?" आतून रीनाची आई, शेवंतावहिनी म्हणाल्या.

हे घर शिफ्टवर चालायचं. फर्स्ट, सेकंड, नाइट. नाइट असली की दिवसा घरात कुजबुज, आणि रीनाचा अभ्यास जिन्यात. पण चक्र फिरून जागेवर येणार, हे नक्की. अशा घरातल्या मुलीच्या मनात एक गोष्ट कुणी न शिकवता बसली: जे फिरतं ते परत येतं.

थीसिस जमा करण्याआधी रायपूरला सेमिनार झालं, तिथे नेमकी तीच नडली. शेवटच्या प्रकरणात रीनाने "एका पूर्ण फेरीवर" सरासरी काढली होती. बाहेरून आलेले एक वयस्क प्रोफेसर म्हणाले, "फेरी पूर्ण होते, हे कुठे सिद्ध केलंय?"

रीनाने फळ्याकडे वळून पाहिलं. नंतर सगळ्यांसमोर म्हणाली, "केलेलं नाही, सर. आणि ती पूर्ण होईलच असंही नाही. माझं चुकलं."

मला सांगताना ती हसत होती. "काकाजी, मी गणिताले पप्पांची ड्युटी लावून दिली."

त्या दिवशी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. गाइड मॅडमनी सोपी वाट सुचवली: ज्या फेऱ्या पूर्ण होतात, तेवढ्यांपुरतंच प्रकरण ठेव, थीसिस सुटेल. पण तेवढं तर आधीच कुणीतरी केलेलं होतं. नवं जे काही होतं, ते न जुळणाऱ्या फेऱ्यांबद्दलच होतं. रीनाने थोडी मुदत मागितली आणि ती भिलाईला आली.

घरी तिने ट्यूबवर तिरका धागा गुंडाळायला घेतला. तिरकेपणाची काही मापं अशी असतात की धागा कितीही गुंडाळला तरी सुरुवातीच्या टोकाला येऊन मिळत नाही. नरेशभाऊ दुसरं टोक धरून बसले.

"आला का?"

"हा येणारच नाही, पप्पा."

"मंग मॅडम म्हणते तसं कर नं. कावून जीव काढून राहिली?"

"मंग माह्या नावाचं काय राहीन त्याच्यात?"

नरेशभाऊंनी धागा सोडला नाही.

धागा मिळत नव्हता, पण तो कुठलीच जागा टाळतही नव्हता. पुरेसा गुंडाळला तर ट्यूबवरच्या प्रत्येक ठिकाणाच्या हवं तितक्या जवळून जाणारा होता. रीनाला वाट सापडली ती इथे. एकट्या धाग्याची फेरी बंद होत नसेल, तर तो ज्या ज्या जागांजवळ पोचतो, तिथपर्यंत नेणारी सगळी फिरणी एकत्र धरायची. ती सगळी मिळून बंदिस्त असतात, त्यांच्यावर सरासरी निघते, आणि धाग्याच्या फिरण्याने जे बदलत नाही ते त्या सगळ्यांनीही बदलत नाही. हे कागदावर पक्कं करायला तिला पूर्ण उन्हाळा लागला. प्रकरण कापावं लागलं नाही, उलट वाढलं.

तोंडी परीक्षेला तेच प्रोफेसर होते. या वेळी त्यांनी प्रश्न कमी विचारले. शेवटी म्हणाले की चूक मान्य करणारे विद्यार्थी त्यांनी पाहिले आहेत, पण जिथे चूक झाली तिथेच थीसिसमधलं सगळ्यात चांगलं काम करणारी क्वचितच कुणी. पदवीची शिफारस त्यांनी तिथेच वाचून दाखवली.

टाळ्या झाल्या तेव्हा मागच्या रांगेत नरेशभाऊ उठून उभे राहिले. बाकी सगळे बसलेले, म्हणून प्रोफेसरांनी विचारलं, "आप किस डिपार्टमेंट से?"

"कोक ओवन, साहब," नरेशभाऊ म्हणाले. "रीना का पापा."